आधी परतीचं

एंटर दाबायच्या आधी तो दोन्ही हात कीबोर्डवरून उचलायचा, पँटवर मांड्यांपाशी खसाखसा पुसायचा आणि स्वतःलाच विचारायचा, "परतीचं लावलं का?" मग मान हलवून स्वतःच उत्तर द्यायचा, "लावलं." त्यानंतर उजव्या हाताची करंगळी एंटरवर पडायची. दुसरं कुठलं बोट त्या कळीला लागलेलं मी कधी पाहिलं नाही.

आम्ही त्याची नक्कल करायचो. चहाला उठताना कुणीतरी हात वर उचलायचं, मांड्या पुसायचं आणि म्हणायचं, "परतीचं लावलं का?" की सगळा विभाग हसायचा. तोही हसायचा. तुम्ही ज्या कचेरीत बसता तिथंही असा एखादा असेलच. आसपास कुणी दिसत नसेल, तर तो बहुधा तुम्हीच असाल.

आमचा साखर कारखाना कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नाव सांगत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात कारखान्याचा दोष कमी आणि माझा जास्त आहे. मी तिथं संगणक विभागाचा प्रमुख. नगरच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन थेट खुर्चीवर बसलो. माझे मामा संचालक मंडळावर होते, हेही सांगून टाकतो. तो तिथं अकरा वर्षं कंत्राटावर होता. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. तो मला साहेब म्हणायचा आणि मी त्याला अरेतुरे करायचो.

परतीचं म्हणजे काय ते सांगतो. उसाच्या गाड्यांचं वजन करणारा काटा आमच्या कचेरीपासून दीड किलोमीटरवर. काट्याच्या केबिनमध्ये एका लोखंडी कपाटात सर्व्हर कुलूपबंद असायचा, आणि आम्ही इथं कचेरीत बसून त्यात काम करायचो. वजनाच्या नोंदी सांभाळणारं, स्लिपा छापणारं आणि हजेरीचं अशी तीन आभासी यंत्रं त्या एकाच डब्यात नांदत होती. खालची यंत्रणा लिनक्सची. या आतल्या यंत्रांना बाहेरच्या जाळ्याशी बोलायचं असेल तर डब्याच्या आत एक ब्रिज बांधावा लागतो. नेटवर्कचं कार्ड त्या ब्रिजला जोडायचं, कार्डाचा पत्ता काढायचा आणि तो ब्रिजला द्यायचा. तो ब्रिज म्हणत नसे, पूल म्हणायचा.

"पत्ता पुलाचा, साहेब. कार्ड मंग नुसता रस्ता ऱ्हातंय. रस्त्यात कुटं कोन घर करतंय का?"

यात गोम अशी की, लांब बसून हे करणं म्हणजे ज्या दोरानं विहिरीत उतरलो तोच दोर आत लोंबकळत असताना बदलणं. एक ओळ चुकली की जाळं तुटतं, आणि तुटलेल्या जाळ्यातून चूक दुरुस्त करायला जाता येत नाही. म्हणून तो आधी यंत्राला बजावून ठेवायचा की, पाच मिनिटांत मी तुला थांबवलं नाही, तर नवं सगळं फेकून दे आणि जुनं होतं तसं कर. मग निवांत काम करायचा. सगळं जुळलं तर तो हुकूम रद्द करायचा. फसलं तर हाताची घडी घालून पाच मिनिटं बसून राहायचा. पाच मिनिटांनी यंत्र आपोआप जुन्या वाटेवर यायचं. हेच त्याचं परतीचं. दोन ओळींचं काम होतं. मला चार वर्षांच्या डिग्रीत ते कुणी शिकवलं नव्हतं आणि त्याच्याकडून शिकायची मला लाज वाटत होती.

मला त्याचा राग का यायचा, तेही सांगतो. रुजू झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी एमडी साहेबांच्या समोर एक ब्रिज चालू केला. केला आणि जाळं गप्प. मी बंद केला, पुन्हा चालू केला, पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा बंद करायला हात घातला तेव्हा तो मागून हळूच म्हणाला, "तीस सेकंद दम धरा, साहेब. पूल आधी ऐकतो, मग शिकतो, मंग बोलाया लागतो. तुमी त्याला ऐकूच देईनात."

मी दम धरला. तिसाव्या सेकंदाला जाळं बोलू लागलं. एमडी साहेब खो खो हसले. "ऐकलंत का इंजिनिअर? आधी ऐकायचं असतं!" तो बिचारा गोरामोरा झाला होता, त्याला कुणाला हसवायचं नव्हतं. पण माझे कान तापले ते तापलेच. त्या दिवसापासून मी त्याच्यात खोट शोधू लागलो, आणि माणसात खोट शोधायची म्हटली की ती त्याच्या कपड्यांपासून सापडायला लागते.

तो पाथर्डी तालुक्यातला. घरची तीन पिढ्यांची ऊसतोड. आमच्याच कारखान्यावर तोडीला आला होता, दहावी शिकलेला म्हणून काट्यावर स्लिपा लिहायला बसवला, तिथं आधीच्या इंजिनिअरच्या मागं उभा राहून राहून शिकला. तो इंजिनिअर जाताना याला एक जाड इंग्रजी पुस्तक देऊन गेला होता. त्यातल्या प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून तो वाचायचा. जे कळलं ते एका दोनशे पानी वहीत मराठीत उतरवायचा. कुठल्या यंत्राला कुठला पत्ता, कुठला पूल कधी बांधला, काय चुकलं, कसं सुटलं, सगळं तारीखवार.

कंत्राटी माणसाला कारखान्याच्या कॉलनीत खोली मिळत नाही. हंगाम चालू असेपर्यंत तो तोडकऱ्यांच्या तळावरच राहायचा, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांच्या झोपडीत. सकाळी त्या कोपीतून पांढरा शर्ट इन केलेला हा माणूस वाकून बाहेर यायचा आणि पायी कचेरीत यायचा. शर्टाला इस्त्री असायची. कोपीत ती कशी करत असेल देव जाणे. पण अंगाला उसाच्या वाढ्याचा, शेंड्याच्या हिरव्या पाल्याचा, वास असायचा. तो खुर्चीवर बसला की आमचा टायपिस्ट खिडकी उघडायचा. मी त्याला कधी नको म्हणालो नाही.

त्याची बायको अजून तोडीला जात होती. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटं माणूस असलं तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. ती तिच्या भावाच्या टोळीत अर्धा कोयता होती, कारण उरलेला अर्धा आमच्याकडं कीबोर्डवर बसला होता. ते मला कळलं त्या दिवशी चहाच्या वेळेला मी म्हणालो, "या, अर्धा कोयता, चहा घ्या."

नाव लगेच चिकटलं. शिपाईसुद्धा म्हणू लागला. तो हसला आणि म्हणाला, "बरोबर हाय साहेब. ती अर्धी, मी अर्धा." मला वाटलं होतं, चिडेल. चिडला असता तर मी कदाचित थांबलो असतो. त्याचं ते समजुतीचं हसू मला जास्तच झोंबलं.

त्याला हवं होतं एकच. कायम व्हायचं होतं. कायम झाला की कॉलनीच्या चाळीत खोली मिळणार होती आणि बायकोच्या हातातला कोयता सुटणार होता. तिच्या उजव्या मनगटाला सूज यायची, सकाळी बोटं मिटायची नाहीत. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, अर्ज पुढं पाठवा म्हणताना. मी अर्ज ठेवून घेतला. तो दीड वर्ष माझ्याच ड्रॉवरमध्ये होता.

खोली त्यानं हेरून ठेवली होती. चाळीतली अगदी शेवटची, कुणी घेत नव्हतं अशी, कारण पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल यायची. दर रविवारी तो तिच्या कुलूपबंद दारापुढं झाडू मारून यायचा. दारात त्यानं कढीपत्त्याचं रोप लावलं होतं. ते चांगलं कमरेएवढं झालं. माझी बायको पोह्यांसाठी तिथूनच पानं मागवायची. "त्या अर्ध्या कोयत्याच्या दारातली आणा," असं म्हणायची. तिलाही नाव मीच शिकवलं होतं.

एकदा अख्ख्या कारखान्याचं जाळं बसलं. काटा, स्लिपा, हजेरी, शेतकी विभाग, सगळं एकदम. स्विचवरचे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते आणि एकही निरोप कुठं पोचत नव्हता. मी तीन तास पुण्याला फोन लावत होतो. हा वही काखेत मारून खोल्या हिंडत होता. शेवटी शेतकी विभागाच्या खोलीत त्याला सापडलं. तिथल्या वेगळ्या सर्व्हरमध्ये कुणीतरी दुसरं कार्ड बसवून तेही त्यातल्याच पुलाला जोडलं होतं आणि दोन्ही केबली एकाच स्विचमध्ये खोचल्या होत्या. त्यानं एक केबल काढली. जाळं जागेवर आलं.

"निरोप गोल गोल फिरत हुता साहेब," तो धापा टाकत सांगत होता. "एका दारानं बाहेर, दुसऱ्या दारानं आत. घरी जाईना आन् मरंना बी."

त्या यंत्रात दुसरं कार्ड मीच बसवलं होतं. ते त्याला वहीतल्या तारखांवरून कळलं असणार. बोलला नाही. संध्याकाळी एमडी साहेबांनी मला बोलावून पाठीवर थाप मारली. "म्हणून इंजिनिअर माणूस लागतो." मी थाप घेतली.

आता त्या दिवसाचं सांगतो.

यार्डात दुसरा काटा बसणार होता. त्याचं यंत्र जुन्याच डब्यात घालायचं, म्हणजे चालू काट्याचा पूल मोडून नवा, मोठा बांधायचा होता. तो म्हणाला, "साहेब, क्लीनिंगच्या दिवशी करू. गाळप बंद आसतंय, गाड्या नसत्यात." बरोबर म्हणत होता. पण चेअरमन साहेब गुरुवारी दुपारी तीनला येणार होते आणि त्यांना सगळं डोळ्यांसमोर बघायचं होतं. एमडी साहेबांनी त्याला माझ्यासमोर सांगितलं, "चेअरमनना नीट करून दाखव. मी तिथंच कायमच्या पत्रावर त्यांची सही घेतो." पत्र टाईप करून त्यांच्या फायलीत तयार होतं. अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये पडून असल्याचं त्यांना कळलं होतं आणि ते मला त्यावरून बोलले होते. पुढं मी जे केलं त्याचं हेही एक कारण.

गुरुवारी तो नवीन शर्ट घालून आला. घडीच्या रेघा तशाच होत्या. बायकोलाही सांगून आला होता. ती त्या दिवशी टोळीबरोबर गाडी भरून काट्याच्या लाईनीत उभी राहणार होती. "चार वाजता काट्यावर जाऊन सांगतो तिला," असं तो सकाळपासून तीनदा म्हणाला.

चेअरमन साहेब आले, बसले. त्यानं परतीचं लावलं. मला पडद्यावर दाखवलंसुद्धा, "साहेब, बघा, लागलं. पाच मिन्टं." आमच्याकडं कुठलंही नवं काम नारळाशिवाय होत नाही. कीबोर्डला हळदकुंकू लावलं, उदबत्ती फिरवली, शिपायानं नारळ पुढं केला. चेअरमन साहेबांनी तो फोडला तेव्हा त्यानं डोळे मिटून हात जोडले होते.

माझं टेबल त्याच्या मागं होतं. माझ्याही पडद्यावर तेच यंत्र उघडं होतं. त्यानं डोळे मिटले तेवढ्यात मी त्याचं परतीचं काढून टाकलं. एक छोटीशी ओळ.

का, असं तुम्ही विचाराल. मीही पुष्कळदा विचारलं आहे. त्याची पाच मिनिटं फजिती व्हावी, एवढंच मनात होतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत असे. खोटं आहे ते. तो चुकला नाही तर काहीच होणार नाही आणि चुकला तर सगळं होईल, हे मला पूर्ण माहीत होतं. तो चुकावा असं मला मनापासून वाटत होतं.

तो चुकलाही नसता. हात शांत होते. त्यानं पूल बांधला, कार्डाला पुलाशी जोडायची ओळ लिहिली, आता कार्डाचा पत्ता काढून पुलाला द्यायची ओळ लिहायची, तेवढ्यात चेअरमन साहेबांनी कौतुकानं विचारलं, "गाव कोणतं रे तुझं?"

आमच्याकडं चेअरमनना बसून उत्तर देत नाहीत. तो ताडकन उठला, हात जोडले. "पाथर्डी तालुका, साहेब." चेअरमन म्हणाले, "वा, वा. तोडीचा पट्टा." तो "व्हय साहेब" म्हणाला, बसला, हात मांड्यांवर पुसले, "परतीचं लावलं का? लावलं," असं पुटपुटला आणि करंगळी एंटरवर टेकवली.

पत्त्याची ओळ राहिली होती. पडदा जागच्या जागी थिजला.

त्याला लगेच कळलं. आणि तुम्हाला सांगतो, तो घाबरला नाही. उलट त्याचा चेहरा खुलला. त्याला चेअरमनना आपलं खरं कसब दाखवायची संधी मिळाली होती. तो पुन्हा उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, माजी एक ओळ ऱ्हायली. काळजी न्हाई. मी परतीचं लावून ठेवलंय. पाच मिन्टात यंत्र आपलं आपून परत येतंय. तवर चहा घ्या."

चेअरमनना गंमत वाटली. "आपोआप?" त्यांनी मनगटावरचं घड्याळ पुढं धरलं. "बघू बरं."

चहा आला. तो बशी हातात न घेता उभा होता. पहिली तीन मिनिटं त्यानं चेअरमनना समजावून सांगितलं की लांबून काम करणाऱ्यानं आधी परतायची सोय करावी, मग पुढं जावं. फार छान सांगितलं. असं सांगणारा मास्तर मला कॉलेजात मिळाला नाही. चौथ्या मिनिटाला काट्यावरून पहिला फोन आला की वजन पडत नाही. तो म्हणाला, "एकच मिनिट." पाचव्या मिनिटाला सगळे त्याच्या पडद्याकडं बघत होते. सहाव्या मिनिटाला तो माझ्याकडं वळला आणि म्हणाला, "साहेब, तुमी बघितलं ना? लागलं हुतं ना?"

मी कपात बघत म्हणालो, "मला काही दिसलं नाही बुवा."

दहाव्या मिनिटाला चेअरमन उठले. जाताना एमडी साहेबांना म्हणाले, "पाच मिनिटं म्हणजे किती, हे आधी शिकवा याला." फाईल बंदच राहिली.

तो पळत सुटला. दीड किलोमीटर, दुपारचं ऊन. मी मोटारसायकलवर मागून गेलो, त्याला वाटेत ओलांडलं, थांबलो नाही. कपाटाची किल्ली सुरक्षा अधिकाऱ्याकडं, आणि तो चेअरमनच्या गाडीबरोबर वेशीपर्यंत गेलेला. पाऊण तास काटा बंद होता. यार्डात बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांची लाईन पार रस्त्यापर्यंत गेली. बैल जुंपलेलेच होते, भरल्या गाडीचे मध्येच सोडता येत नाहीत. एक बैल जुवाखाली बसला. तोडकरी केबिनभोवती जमले आणि कम्प्युटरवाल्याच्या आईबहिणीचा उद्धार करू लागले. त्यात सगळ्यात मोठा आवाज त्याच्या मेहुण्याचा होता, कारण बसलेला बैल मेहुण्याचा होता. बायको गाडीच्या चाकाला धरून उभी होती. तिनं तेवढ्यात विचारलं, "झालं का वो?" तिला अजून वाटत होतं, तो चार वाजता सांगायला आलाय.

किल्ली आल्यावर त्यानं दोन मिनिटांत पत्ता पुलावर घेतला. काटा चालू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या टेबलापाशी आला. आवाज अगदी साधा होता. "साहेब, एक इचारू? परतीचं तुमी काडलं का?"

मी त्याच्याकडं बघून म्हणालो, "कसलं परतीचं? तू लावलंच नव्हतंस. चेअरमन आले म्हणून गडबडलास आणि विसरलास. आता माझ्यावर ढकलतोस?"

तो मग म्हणाला, "व्हय. इसरलो आसंल."

त्यानंतर ते हात पुसणं बंद झालं. तो एंटर दाबायच्या आधी तीन-तीनदा पडदा तपासायचा, पुन्हा पहिल्यापासून वाचायचा, उठून पाणी पिऊन यायचा. दहा मिनिटांच्या कामाला तास लागू लागला. मी वर लिहून कळवलं की कामाचा वेग घटला आहे. हंगाम संपला, कंत्राटही संपलं, आणि ते पुढं वाढवलं नाही. शेवटची खोली एमडी साहेबांच्या ड्रायव्हरला मिळाली. त्याला दारात मोटारसायकल लावायला जागा हवी होती, म्हणून त्यानं कढीपत्ता उपटला. घरी बायको दोन-चार दिवस कुरकुरली.

जाताना तो वही माझ्या टेबलावर ठेवून गेला. "लागंल तुमाला," एवढंच म्हणाला. ती मी पावसाळ्यात कधीतरी उघडली. एका यंत्राचा पत्ता हवा होता. शोधता शोधता त्या गुरुवारचं पान आलं. त्याच्या गोल गोल अक्षरात लिहिलं होतं: तीन वाजून दोन मिनिटांनी परतीचं साहेबांच्या टेबलावरून बंद झालं. कोण कुठून आत आलं याची नोंद यंत्रात आहे. पत्त्याची ओळ माझी राहिली, ती चूक माझी. पुढच्या माणसासाठी सूचना: परतीचं लावल्यावर एंटरच्या आधी ते आहे का, हे दुसऱ्यांदा बघावं.

तारीख त्याच संध्याकाळची होती. म्हणजे सकाळी मला विचारायला आला तेव्हा त्याला माहीत होतं. एमडी साहेबांना ते पान दाखवलं असतं तर खुर्ची माझी गेली असती. का दाखवलं नाही, मला ठाऊक नाही. तो थोर होता म्हणून, असं म्हणून मला सुटता येणार नाही. कदाचित संचालकाच्या भाच्यापुढं आपलं कुणी ऐकणार नाही, हे त्याला माझ्यापेक्षा नीट कळत होतं.

तेव्हापासून मला ती दोन ओळींची सोय करवत नाही. बोटं तिथं येतात आणि थांबतात. म्हणून जाळ्याचं कुठलंही काम असलं की मी मोटारसायकल काढतो आणि थेट केबिनमध्ये जाऊन करतो. लोकांना वाटतं, साहेब जातीनं लक्ष घालतात.

पुढच्या हंगामात, गाळप ऐन भरात असताना केबिनमधल्या सर्व्हरचं कार्ड जळालं. नवं बसवून मी तिथंच पूल बांधायला बसलो. काही केल्या वजन येईना. बाहेर लाईन लागलेली, ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवताहेत, एमडी साहेबांचे फोनवर फोन. घामानं माझा शर्ट पाठीला चिकटला होता. मी पडद्यावरच्या त्याच त्या ओळी वाचत होतो आणि मला काही दिसत नव्हतं.

स्लिपेच्या खिडकीत कुणीतरी येऊन उभं राहिलं. डोक्याला टॉवेल, हाताला पाचटानं कापल्याच्या रेघा, आणि ओळखीचा तो वाढ्याचा वास. तो थोडा वाकून माझ्या खांद्यावरून पडद्याकडं बघत होता. बोट अर्धवट वर आलं, खाली गेलं.

"पत्ता कार्डावरच ऱ्हायलाय, साहेब," तो म्हणाला. "पुलावर घ्या."

मी घेतला. मग हात उचलून मागं टेकलो आणि वाट बघू लागलो. तीस सेकंद आम्ही दोघं एकमेकांकडं न बघता थांबलो. माझ्या तोंडात सगळं आलं होतं. त्या गुरुवारचं, वहीचं, ड्रॉवरमधल्या अर्जाचं. मग वजन पडद्यावर उमटलं आणि प्रिंटर करकरायला लागला.

"बसा ना," मी म्हणालो. "चहा सांगतो तुमच्यासाठी."

"न्हाई साहेब. बैलं जुपलेली हायेत. मागं लाईन हाय."

त्यानं दोन्ही हात मळक्या पायजम्यावर मांड्यांपाशी खसाखसा पुसले आणि स्लिप घेतली. गाडीवर उसाच्या ढिगावर त्याची बायको बसली होती. उजवं मनगट तिनं फडक्यानं बांधलं होतं. गाडी काट्यावरून उतरली आणि गाळपाचा ऊस ओततात त्या गव्हाणीकडं वळली.

स्लिपेची दुसरी प्रत माझ्याकडं राहते. तोडणीच्या रकान्यात छापलं होतं: कोयता एक.

टेबलावरचा फोन वाजला. एमडी साहेब होते. "केलंस चालू?"

"केलं," मी म्हणालो.